सलाईनचा वेग हाही डोसच: वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून वॉर्डात आलेल्या मुलामुलींना सगळ्यात जास्त धास्ती असते ती शीर सापडण्याची. ती फार दिवस टिकत नाही, हात बसतो. ज्याची धास्ती असायला हवी ते मात्र दुर्लक्षित राहतं: सापडलेल्या शिरेतून काय, किती पातळ करून आणि किती वेळात द्यायचं. पेशंट बरोबर, औषध बरोबर, मिलिग्रॅमसुद्धा बरोबर, आणि तरीही दहा मिनिटांचं इंजेक्शन अर्ध्या मिनिटात गेलं म्हणून पेशंटचं बीपी कोसळलं, असं होऊ शकतं.

तोंडाने घेतलेली गोळी पोटात विरघळते, आतड्यातून शोषली जाते, यकृतातून जाते. चूक लक्षात आली तर थोडा अवधी मिळतो. शिरेतलं औषध मिनिटभरात हृदयातून अंगभर फिरलेलं असतं आणि ते परत घेता येत नाही. म्हणून या लेखात गोळ्या आणि इतर इंजेक्शनं थोडक्यात उरकली आहेत आणि शिरेतून देण्याच्या औषधांवर जास्त वेळ घालवला आहे. आकडे प्रौढ पेशंटचे आहेत. लहान मुलांचं जिथे आहे तिथे तसं सांगितलं आहे. तुमच्या रुग्णालयाचा लेखी प्रोटोकॉल वेगळा असेल तर तो पाळा, आणि तो कुठे ठेवलेला असतो हे पहिल्याच दिवशी इनचार्ज सिस्टरना विचारून घ्या.

ऑर्डर वाचताना

बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. हे पाच मुद्दे परीक्षेत सगळे लिहितात. वॉर्डात पहिलाच मुद्दा सगळ्यात आधी घसरतो, कारण आपण पेशंटला बेड नंबरने ओळखतो. बेड बदलतात. पंख्याखाली जागा रिकामी झाली की पेशंट स्वतःच उठून तिकडे जातात. त्यामुळे नाव आणि आयपी नंबर (भरती करताना मिळालेला नंबर), दोन्ही केस पेपरशी आणि मनगटावरच्या पट्टीशी जुळवायचे. आणि नाव विचारताना "तुम्ही जाधव आजी ना?" असं विचारू नका. अर्धवट झोपेतल्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या आजी कशालाही "हो" म्हणतात. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा" असं म्हणा. एकाच वॉर्डात एकाच नावाच्या दोघी असल्या तर दोघींच्या केस पेपरवर मोठ्या अक्षरात तशी खूण करून ठेवा.

ऑर्डरमधली आखूड लिहिण्याची पद्धतही त्रास देते. इन्सुलिनच्या ऑर्डरमध्ये युनिटसाठी नुसतं इंग्रजी "यू" लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि ४ युनिटचे ४० होतात. पूर्ण शब्द लिहा. अर्धा मिलिग्रॅम लिहायचा तर टिंबाआधी शून्य हवं: ०.५. पाच मिलिग्रॅम लिहायचे तर टिंब आणि पुढचं शून्य नको, नाहीतर ५.० चे ५० वाचले जातात. अक्षर लागत नसेल तर अंदाज करू नका, फोन करा. रात्री दोन वाजता डॉक्टर चिडतील, चिडू द्या.

फोनवरची ऑर्डर आधी लिहायची, मग वाचून दाखवायची, आणि डॉक्टर "बरोबर" म्हणाले की मगच द्यायची. फोनवर "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" एकसारखे ऐकू येतात. "एक-पाच की पाच-शून्य?" असं सुटे आकडे बोलून विचारा. डॉक्टर समोर आले की सही घ्या.

ॲलर्जी विचारताना "ॲलर्जी आहे का?" एवढ्यावर थांबू नका, अनेकांना तो शब्द कळत नाही. "आधी कुठल्या गोळी-इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या का, दम लागला होता का, चक्कर येऊन पडला होतात का?" असं विचारा.

लेबल: नाव वाचलं, आता ताकद वाचा

औषध कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना आणि रिकामी ॲम्प्यूल टाकताना, असं तीनदा लेबल वाचायचं. आपण बहुतेक वेळा फक्त नाव वाचतो. घोटाळे दर मिलीमागे किती औषध आहे, या आकड्यात होतात.

हेपॅरिन घ्या. ५ मिलीची व्हायल दोन ताकदींत येते: मिलीला १००० युनिट आणि मिलीला ५००० युनिट. ऑर्डर ५००० युनिटची असेल तर पहिल्या प्रकारातून पूर्ण ५ मिली लागतात, दुसऱ्यातून फक्त १ मिली. सवयीने दुसऱ्या व्हायलमधून ५ मिली भरले तर २५,००० युनिट गेले.

इन्सुलिनचं दुखणं आपल्याकडे जास्त आहे, कारण आपल्या दवाखान्यांत मिलीला ४० युनिटच्या व्हायल अजून सर्रास वापरतात आणि पेन-कार्ट्रिज मिलीला १०० युनिटचं असतं. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. शंभराच्या ताकदीचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला १० ऐवजी २५ युनिट मिळतात. उलट केलं, चाळीसचं इन्सुलिन केशरी सिरिंजमध्ये १० पर्यंत भरलं, तर मिळतात फक्त ४. पहिल्यात साखर धोकादायक खाली जाते, दुसऱ्यात ती का उतरत नाही म्हणून दोन दिवस डोस वाढवला जातो. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढायचंच नाही.

दिसायला सारखी, ऐकायला सारखी औषधं वेगवेगळ्या खणांत ठेवा. डोपामिन आणि डोब्युटामिन शेजारी नकोत. ॲट्रोपिन आणि ॲड्रेनॅलिनच्या ॲम्प्यूल काही कंपन्यांच्या इतक्या सारख्या असतात की घाईत बोटांनी ओळखणं हा जुगार ठरतो.

हिशेबाचं सूत्र एकच आहे. हवी असलेली मात्रा भागिले हातातल्या ॲम्प्यूलमधली मात्रा, गुणिले ॲम्प्यूलमधले मिली. जेंटामायसिन ८० मिग्रॅ २ मिलीत आहे, ऑर्डर ६० मिग्रॅची आहे: ६० ÷ ८० × २ = १.५ मिली. उत्तर आल्यावर ते शहाणपणाचं वाटतं का हे पाहा. एका डोससाठी तीन-चार ॲम्प्यूल फोडाव्या लागत असतील तर थांबा आणि दुसऱ्या सिस्टरला वेगळा हिशेब करायला सांगा. तुमचा कागद दाखवून "बरोबर आहे ना?" विचारलं तर त्याही मान डोलावतील. त्यांनी कोऱ्या कागदावर करायला हवा.

लहान मुलांत हिशेब मिलिग्रॅममध्ये होतो आणि औषध मिलीत जातं, तिथे दहापट चुका होतात. शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलमध्ये मिलीला १० मिग्रॅ असतं. ८ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिग्रॅ म्हणजे १२० मिग्रॅ, म्हणजे १२ मिली. कोणी १२० हा आकडा मिली समजला तर बाळाच्या यकृताची वाट लागते. म्हणून मुलांच्या शीटवर मिग्रॅ आणि मिली दोन्ही लिहा, आणि १०० मिलीची अख्खी बाटली बाळाला जोडून ठेवू नका. लागेल तेवढंच सिरिंजमध्ये किंवा ब्युरेट सेटमध्ये (मोजमापाच्या खुणा असलेला चेंबर लावलेल्या सेटमध्ये) घ्या. वजन आजचं हवं, आईने सांगितलेलं अंदाजाचं नको.

पावडरच्या व्हायलमध्ये आणखी एक बारकावा असतो. पावडरसुद्धा जागा घेते. सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅममध्ये १० मिली पाणी घातलं की तयार द्रव १० मिलीपेक्षा थोडा जास्त होतो. अख्खी व्हायल द्यायची असेल तर फरक पडत नाही. पण ३०० मिग्रॅ काढायचे असतील तर ९.६ मिली पाणी घाला, म्हणजे मिलीला बरोबर १०० मिग्रॅ होतात आणि ३ मिली काढता येतात. इतर औषधांसाठी व्हायलसोबतचा कागद वाचा. तो कागद आपण पहिला फेकतो.

कशात पातळ करायचं

"एनएसमध्ये टाक" (एनएस म्हणजे नॉर्मल सलाईन) हे वॉर्डातलं सर्वसाधारण उत्तर बऱ्याचदा चालतं, नेहमी नाही. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे खडे होतात. आयर्न सुक्रोजही एनएसमध्येच. साधं ॲम्फोटेरिसिन-बी मात्र उलट, ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, सलाईनमध्ये साका बसतो. सेफ्ट्रियाक्सोन आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेटमध्ये) मिसळायचं नाही, कारण आरएलमध्ये कॅल्शियम असतं. नवजात बाळाला कॅल्शियम असलेला कुठलाही द्रव चालू असेल तर सेफ्ट्रियाक्सोन मुळीच नाही. सोडा बायकार्ब आणि कॅल्शियम एका नळीत भेटले की नळी पांढरी होते. एक औषध संपलं की नळी एनएसने धुऊन मग दुसरं.

कमरेत द्यायच्या सेफ्ट्रियाक्सोनसाठी लिग्नोकेनमध्ये विरघळवलेली सिरिंज आणि शिरेत द्यायची सिरिंज शेजारी शेजारी ट्रेमध्ये ठेवू नका. भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर चिकटपट्टी लावून औषधाचं नाव, मात्रा, मार्ग आणि वेळ लिहा. नाव नसलेली भरलेली सिरिंज सापडली तर ती टाकून द्यायची, कोणी कितीही शपथेवर सांगितलं की ते पॅंटोप (पॅंटोप्राझोल) आहे, तरी.

घड्याळाकडे बघून ढकला

सकाळच्या दहाच्या इंजेक्शनांना वीस पेशंट असतात आणि प्रत्येकाचं तीन मिनिटांचं इंजेक्शन दिलं तर तास जातो, हे खरं आहे. तरीही काही औषधांत सवलत नाही.

पॅंटोप्राझोल ४० मिग्रॅ १० मिली एनएसमध्ये, किमान २ मिनिटं. ऑन्डान्सेट्रॉन २ ते ५ मिनिटं. फ्युरोसेमाइड ४० मिग्रॅ १-२ मिनिटांत चालतं, पण मोठा डोस असेल तर मिनिटाला ४ मिग्रॅपेक्षा जास्त नाही, नाहीतर कानात आवाज येतात, ऐकू येणं जाऊ शकतं. मेटोक्लोप्रामाइड भरकन दिलं की पेशंट विचित्र अस्वस्थ होतो, सलाईन ओढून पळायला बघतो, आणि नातेवाईकांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. डेक्सामेथासोन घाईत ढकललं तर गुप्तांगाजवळ अचानक आग आणि खाज सुटते. पेशंट लाजून कोणाला सांगत नाही, फक्त पुढच्या वेळी तुम्हाला बघून हात मागे घेतो. कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली सावकाश, दहाएक मिनिटांत, नाडीवर किंवा मॉनिटरवर लक्ष ठेवून.

व्हॅन्कोमायसिन मिनिटाला १० मिग्रॅपेक्षा वेगाने नाही. म्हणजे १ ग्रॅमला १०० मिनिटं. २०० मिलीत घेतलं तर साध्या सेटने मिनिटाला ४० थेंब. घाई केली तर चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, बीपी पडतं. ती खरी ॲलर्जी नसते, वेगाचा परिणाम असतो, पण केस पेपरवर "व्हॅन्कोची ॲलर्जी" अशी नोंद होते आणि पुढे गरज असताना औषध मिळत नाही.

फेनिटॉइनचा लोडिंग डोस (सुरुवातीचा मोठा डोस) किलोमागे २० मिग्रॅ धरला तर ६० किलोच्या माणसाला १२०० मिग्रॅ. १०० मिग्रॅच्या बारा ॲम्प्यूल फोडाव्या लागतात, आणि "तीन-चार ॲम्प्यूल लागल्या तर थांबा" या नियमाचा हा अपवाद. वेग मिनिटाला जास्तीत जास्त ५० मिग्रॅ, म्हणजे किमान २४ मिनिटं, म्हाताऱ्या आणि हृदयविकाराच्या पेशंटमध्ये त्याहून सावकाश. बीपी आणि ईसीजी चालू हवेत. हाताच्या मागच्या बारीक शिरेतून देऊ नका. बाहेर झिरपलं तर हात जांभळा होऊन सुजतो.

आणि पोटॅशियम क्लोराइड. आपल्याकडची १० मिलीची १५ टक्क्यांची ॲम्प्यूल म्हणजे २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचं एकक). ती सरळ शिरेत ढकलली तर हृदय थांबतं. दिसायला ती पाण्याच्या ॲम्प्यूलसारखीच असते, म्हणून ती इतर औषधांच्या ट्रेमध्ये असताच कामा नये. अनेक रुग्णालयांनी ती वॉर्डच्या कपाटातूनच काढून टाकली आहे आणि ते योग्य आहे. साध्या वॉर्डात, हाताच्या शिरेतून: एक ॲम्प्यूल ५०० मिली एनएसमध्ये, तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नाही. म्हणजे ती बाटली दोन तासांपेक्षा कमी वेळात कधीच संपता कामा नये, सहसा त्याहून बरीच सावकाश. आधी लघवी होते आहे ना, ते पाहा. आणि टांगलेल्या बाटलीत खालून पोटॅशियम टोचू नका. ते जड असतं, तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत तेच घट्ट द्रावण पेशंटला जातं. बाटली खाली घ्या, टाका, आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करा, लेबल लावा, मग टांगा.

शीर: कोणती, आणि कोणत्या रंगाची सुई

कॅन्युलाचा नंबर वाढतो तशी ती बारीक होते. हिरवी १८, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४. वाहण्याचा वेग नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे थोड्याशा जाडीने खूप फरक पडतो. हिरवीतून मिनिटाला साधारण ८० ते १०० मिली जातं, पिवळीतून वीसच्या आसपास. नेमका आकडा पाकिटावर छापलेला असतो. अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव, ऑपरेशन यांना हिरवी किंवा त्याहून जाड. रोजच्या अँटिबायोटिकला गुलाबी किंवा निळी पुरते. गरजेपेक्षा जाड घातली की शीर लवकर सुजते.

जागा निवडताना ज्या हाताने पेशंट जेवतो तो हात सोडा. कोपर आणि मनगटाचा सांधा टाळा, हात वाकला की सलाईन थांबतं आणि मग रात्रभर "सिस्टर, सलाईन बंद पडलं". शक्यतो हाताच्या खालच्या भागापासून सुरुवात करून वर सरका. डायलिसिसची फिस्टुला (डायलिसिससाठी जोडून केलेली शीर) असलेला हात, स्तनाचं ऑपरेशन झालेली बाजू, लकवा गेलेला हात नको.

१. हात धुवा. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद किंवा हँडरबने २० ते ३० सेकंद. हातमोजे घाला. पेशंटला काय करणार ते सांगा.

२. जागेच्या चार-पाच बोटं वर पट्टा बांधा. शीर दिसण्यापेक्षा बोटाला लागणं महत्त्वाचं. दिसणाऱ्या बऱ्याच शिरा वरवरच्या आणि ठिसूळ असतात. हात खाली सोडा, मूठ उघडझाप करायला सांगा. हात गार असेल तर कोमट ओल्या कपड्याने शेका. शिरेवर जोरात चापट मारू नका.

३. स्पिरिटने किंवा क्लोरहेक्सिडिनने पुसा आणि वाळू द्या, अर्धा मिनिट. पुसल्यावर परत बोट लावून चाचपडलात तर परत पुसा. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा मोडली जाते.

४. दुसऱ्या हाताने कातडी खाली ओढून ताणा. सुईचं उघडं तोंड वर, १० ते ३० अंशात आत. मागच्या कुपीत रक्त दिसलं की कोन कमी करा, सुई-कॅन्युला मिळून अगदी किंचित पुढे, आणि मग सुई जागेवर धरून फक्त कॅन्युला आत सरकवा. रक्त दिसताच सुई मागे घेतली तर कॅन्युला शिरेबाहेरच राहते. नवशिक्यांची शीर बहुधा इथेच हुकते.

५. पट्टा सोडा, कॅन्युलाच्या टोकाच्या वर बोटाने शीर दाबा, सुई काढा, लगेच धारदार वस्तूंच्या डब्यात टाका. एकदा बाहेर काढलेली सुई कॅन्युलात परत घालू नका, प्लास्टिकचा तुकडा कापला जाऊन रक्तात जाऊ शकतो.

६. ३ ते ५ मिली एनएस सोडून पाहा. फुगलं, दुखलं, अडलं तर काढा. पारदर्शक ड्रेसिंग लावा, त्यावर तारीख, वेळ आणि नंबर लिहा.

दोनदा हुकलं तर तिसरा प्रयत्न दुसऱ्याने करायचा. यात कमीपणा नाही, आणि पेशंटच्या शिरा मोजक्याच असतात.

थेंब मोजण्याचा हिशेब

बाटली उजेडात धरा: गढूळपणा, तंतू, बुरशी, तडे, मुदत. दाबून पाहा, गळत असेल तर नको. सेटचं चाक बंद करून मग बाटलीत खुपसा, चेंबर अर्धं भरा, चाक सावकाश सोडून नळीतली हवा काढा. टणक प्लास्टिकच्या बाटलीला हवा आत जायला वाट लागते. त्यासाठी बाटलीच्या बुडात सुई खुपसण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तिथून हवेबरोबर जंतूही जातात. फिल्टरची खिडकी असलेला सेट घ्या आणि तिचं झाकण उघडा.

साध्या सेटचे बहुधा २० थेंब म्हणजे १ मिली, मायक्रो सेटचे ६० थेंब म्हणजे १ मिली. पाकिटावर वाचून खात्री करा, १५ थेंबांचेही सेट येतात. सूत्र: मिली गुणिले एका मिलीचे थेंब, भागिले एकूण मिनिटं. ५०० मिली ४ तासांत: ५०० × २० ÷ २४० = ४१.६, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. तेच ६ तासांत द्यायचं तर २८ थेंब. तोंडी हिशेबाला सोपं म्हणजे २० थेंबांच्या सेटमध्ये तासाचे मिली भागिले तीन, आणि मायक्रो सेटमध्ये तासाचे जितके मिली तितकेच थेंब. पूर्ण मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका.

मोजून लावलेला वेग टिकत नाही. पेशंट कुशीवर वळतो, हात उचलतो, नातेवाईक "लवकर संपू दे" म्हणून चाक फिरवतात. म्हणून बाटलीला उभी चिकटपट्टी लावून त्यावर तासांच्या रेघा मारा: दहा वाजता इथे, अकरा वाजता इथे. लांबून एका नजरेत कळतं. सलाईन मागे पडलं असेल तर उरलेलं भरभर सोडून वेळ गाठायची नाही. उरलेल्या द्रवाचा नवा वेग डॉक्टरांना विचारून ठरवा.

सिरिंज पंपाचा हिशेब लांब वाटतो, पण पायऱ्यांनी केला तर सोपा आहे. डोपामिन, ६० किलोचा पेशंट, मिनिटाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅम. मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम, तासाला १८,००० म्हणजे १८ मिग्रॅ. २०० मिग्रॅची एक ॲम्प्यूल एकूण ५० मिली केली की मिलीला ४ मिग्रॅ. १८ ÷ ४ = ४.५. पंपावर तासाला ४.५ मिली. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला "डोपामिन साडेचारवर" एवढंच सांगू नका. एका ॲम्प्यूलचे साडेचार की दोन ॲम्प्यूलचे, हेही सांगा.

ताकदीची बाटली

"सिस्टर, अंगात ताकद नाही, एक बाटली लावा" ही मागणी आपल्याकडे गावोगाव आहे. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिली बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, पाच चमचे. कॅलरी शंभरच्याही आत. नॉर्मल सलाईनमध्ये तेवढ्याही नाहीत, लिटरला १५४ मिलीइक्विव्हॅलंट सोडियम आणि तितकंच क्लोराइड. ज्याला तोंडाने पिता येतं त्याला शिरेची गरज बहुधा नसते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलऱ्याच्या साथीत सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. नातेवाईकांना समजावताना ही गोष्ट सांगा, उपयोग होतो.

जुलाब-उलटी, भाजणं, रक्तस्राव यात आरएल किंवा एनएस. नुसतं ५ टक्के डेक्स्ट्रोज शरीरात साखर वापरली गेल्यावर निव्वळ पाणी उरतं, ते जास्त झालं की रक्तातलं सोडियम पडतं आणि पेशंट गुंगतो. मुलांच्या वॉर्डात आयसोलाइट-पी अजून हाताशी असतं. त्यात सोडियम लिटरला पंचवीस मिलीइक्विव्हॅलंटच्या आसपासच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ पासून बहुतेक आजारी मुलांना सलाईनइतकं सोडियम असलेला द्रवच द्यावा असं सांगितलं आहे. तुमच्या वॉर्डात काय चालतं ते डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. रक्ताबरोबर मात्र फक्त एनएस. आरएलमधल्या कॅल्शियमने गुठळ्या होतात, डेक्स्ट्रोजने तांबड्या पेशी फुटतात. पिशवी ब्लड बँकेच्या फ्रिजमधून निघाल्यापासून अर्ध्या तासात सुरू, चार तासांत पूर्ण, आणि पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळ थांबायचं.

लावल्यानंतर

दर पाळीला ड्रेसिंगखाली बघा. लाली आणि दुखणं दोन्ही असेल, किंवा शीर दोरीसारखी लागत असेल, तर कॅन्युला काढा. "अजून एक डोस जाऊ दे" म्हणून ठेवू नका. साधं सलाईन बाहेर झिरपलं तर बंद करा, काढा, हात उशीवर उंच ठेवा. डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन, कॅल्शियम किंवा २५ टक्के डेक्स्ट्रोज झिरपलं तर कातडी मरू शकते: थांबवा, नळी धुऊ नका, कॅन्युलातून जितकं ओढून निघेल तितकं काढा, सुजेची कड पेनाने आखा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.

म्हाताऱ्या, हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला खोकला सुरू झाला, आडवं झोपवत नाही असं म्हणाला, तर सलाईन बंद करून बसवा, ऑक्सिजन लावा, मग फोन करा. सलाईन सुरू झाल्यावर हुडहुडी भरून ताप आला तर बाटली आणि सेट दोन्ही काढा, पण फेकू नका. बॅच नंबर नोंदवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांकावर करता येते.

औषधाची गंभीर ॲलर्जी उठली, म्हणजे गांधी, ओठ सुजणं, घरघर, बीपी पडणं, तर आपल्याकडे हात आपोआप ॲव्हिल (ॲलर्जीविरोधी औषध) आणि इफकॉर्लिन (स्टेरॉइड) यांच्याकडे जातो. पहिलं औषध ॲड्रेनॅलिन आहे. प्रौढाला अर्धा मिग्रॅ, म्हणजे १ मिग्रॅच्या ॲम्प्यूलमधून ०.५ मिली, पातळ न करता, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. पाच मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. ते औषध बंद करा, कॅन्युला ठेवा, सेट बदलून एनएस जोरात सोडा. पेशंटला आडवं करून पाय वर घ्या, उठून उभं करू नका. फार दम लागत असेल तर टेकवून बसवा. टेस्ट डोसला काही झालं नव्हतं, ही गोष्ट अशा वेळी निरर्थक आहे. कातडीतली टेस्ट कोरी येऊनही ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे हीच गंभीर ॲलर्जी, होऊ शकतो, म्हणून ॲड्रेनॅलिनची ॲम्प्यूल आणि सिरिंज ट्रॉलीवर वरच हवी.

बाकीचे मार्ग, थोडक्यात

सावकाश विरघळणाऱ्या आणि आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत, राइल्स ट्यूबसाठीही (नाकातून पोटात घातलेल्या नळीसाठीही) नाही. दुसरा प्रकार मागा. स्नायूतलं इंजेक्शन ९० अंशात, कातडीखालचं ४५ अंशात, कातडीतलं १० ते १५ अंशात. तान्ह्या बाळाला कमरेत नाही, मांडीत. दंडात १ मिलीपर्यंतच. गोळी पेशंटने तुमच्यासमोर गिळली तरच सही. उशाला ठेवलेली गोळी दिली असं लिहायचं नाही.

नोंद आणि कचरा

दिल्यानंतर लिहा, आधी नाही. दिलं नाही तर का नाही तेही लिहा. चालू सलाईनचा सेट ९६ तास चालतो, तुटक औषधांचा रोज बदला, रक्ताचा चार तासांनी.

सुईला टोपी परत लावायची नाही. सुया कटरमध्ये आणि पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, सेट आणि बिनसुईच्या सिरिंज लाल पिशवीत, काचेच्या व्हायल-ॲम्प्यूल निळ्यात, रक्ताळलेला कापूस आणि मुदत संपलेली औषधं पिवळ्यात. पिशवीत टाकलेली सुई तुम्हाला टोचत नाही, कचरा उचलणाऱ्या मावशींना किंवा मामांना टोचते.

टोचलीच तर बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका. साबण-पाण्याने धुवा, लगेच इनचार्जना सांगा, पेशंटचे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीचे रिपोर्ट बघायला घ्या. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्यांचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत हवा, ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग होत नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. रात्रपाळीला त्या गोळ्या कोणत्या कपाटात असतात आणि किल्ली कोणाकडे असते, हे पहिल्या रात्रपाळीच्या आधीच विचारून ठेवा.